हे बरं की ते?

शाळेच्या बँडमध्ये कोणतं वाद्य वाजवायचं ते घरी ठरवून या, असं बँडमास्तरांनी मुलांना सांगितलं, आणि चष्मेवाल्याच्या घरात रविवारी सकाळी चहाच्या वेळीच तो विषय निघाला. खरं म्हणजे निघाला तिथेच मिटायला हवा होता. "मग, काय वाजवणार आमची ठकी?" असं चष्मेवाल्याने सहज विचारलं आणि ठकीने दुधाचा पेला खाली ठेवून सांगितलं, "मोठा ड्रम."

आता यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण पाचवीतली ही मुलगी बोलायला लागल्यापासून एकाच शब्दावर भागवत आली होती, आणि तो शब्द म्हणजे "चालेल". निळा फ्रॉक घालतेस की पिवळा? चालेल. सुट्टीत मावशीकडे जायचं की आत्याकडे? चालेल. दात काढायला नेलं तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी "हा दुखतोय की हा?" विचारलं, तर तिथेही चालेल. बाहुलीसारखी गप्प, म्हणून तर घरात तिचं नाव ठकी पडलं होतं. त्या ठकीने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने काहीतरी मागितलं होतं. तिची आई ओट्यापाशी भांडं घासत होती, तिने नळ बंद केला.

चष्मेवाला यावर नुसता चहा प्यायला असता तर काही बिघडलं नसतं. पुढे कितीतरी दिवस त्याला हेच वाटत राहिलं, की त्या सकाळी आपण कप तोंडाला लावून गप्प का नाही बसलो. पण गप्प बसून त्याचा धंदा चालत नव्हता. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की तो त्याच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवायचा, तिच्यात एकेक भिंग सरकवायचा आणि विचारायचा, "हे बरं की ते?" गिऱ्हाईक आधी मन लावून उत्तरं देई. मग घोटाळे. मग त्याची मान अवघडे, डोळ्यांना पाणी येई, आणि शेवटी कोणतंही भिंग घातलं तरी ते म्हणे, "हां, हेच, हेच." यालाच चष्मेवाला अचूक नंबर म्हणत असे. माणसाला काय हवंय ते त्याचं त्याला पहिल्या फटक्यात कळत नाही, ते त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं, असं त्याचं ठाम मत होतं.

शिवाय घर दोन खोल्यांचं. त्यातल्या एका खोलीत मोठा ड्रम आल्यावर दुसरीत आपलं काय होईल, हेही त्याच्या डोळ्यांपुढे आलंच.

"ड्रम छानच," तो म्हणाला. "पण ड्रम बरा की ट्रम्पेट?"

"ड्रम."

"बरं. उचलायला जड बरं की हलकं?"

ठकी विचारात पडली. "हलकं."

"मग ड्रम बरा की क्लॅरिनेट?"

"ड्रम."

"खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दुपारी झोप लागलेली बरी की न लागलेली?"

"अहो," बायको म्हणाली, "सांगितलं ना तिने एकदा."

"एकदा सांगितलेलं खरं नसतं गं. माझं रोजचं काम आहे हे." तो पुन्हा ठकीकडे वळला. "आता सांग, क्लॅरिनेट बरं की बासरी? म्हणजे ती बँडमधली, चकचकीत, आडवी धरतात ती."

दुधावर साय धरली. ठकीची मान हळूहळू खाली गेली. ड्रम की बासरी, बासरी की झांजा, झांजा की बासरी, असं करता करता ती शेवटी म्हणाली, "चालेल."

"काय चालेल?"

"बासरी."

"बघ," चष्मेवाला बायकोला म्हणाला, "निघालं की नाही मनातलं?"

बायकोने पुन्हा नळ सोडला. तो गरजेपेक्षा जास्त मोठा सोडला होता, पण चष्मेवाल्याला ते कळलं नाही.

बासरी घरी आली आणि तिने तोंड उघडायचं नाव घेतलं नाही. ठकी रोज शाळेतून आली की खिडकीपाशी उभी राहून फुंकायची आणि आतून नुसती हवा यायची. फुंकून फुंकून तिला गरगरायला लागे, मग ती खाटेवर बसे, पाणी पिई आणि परत उभी राही. चष्मेवाला मधून मधून "ओठ असे बरे की तसे?" असं विचारून मदत करत होता. मोठा ड्रम बेकरीवाल्याच्या मुलाला मिळाला होता.

एके दिवशी गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला जाताना तो शाळेवरून गेला. मैदानात बँडचा सराव चालला होता. बेकरीवाल्याचा गुबगुबीत मुलगा सगळी ताकद लावून ड्रम वाजवत होता आणि बासरीवाल्यांच्या रांगेत ठकी उभी होती. तिची बासरी ओठांना लागलेली होती, पण डोळे ड्रमकडे होते, आणि ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला तिचा एक पाय जमिनीवर आपटत होता. चष्मेवाला कुंपणाच्या जाळीला धरून उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं. पोरीने एकदा, फक्त एकदा काही मागितलं आणि ते आपण चहा निवायच्या आत तिच्याकडून काढून घेतलं. त्या दुपारी दुकानात त्याने कुणालाच दोनदा विचारलं नाही, आणि गिऱ्हाइकं लवकर घरी गेली.

संध्याकाळी तो बँडमास्तरांना भेटला. मास्तर उंच, वाळका, आणि बोलताना एका बोटाने टेबलावर ताल धरणारा माणूस.

"वाद्य बदलून देता येतं," मास्तर म्हणाले. "पण दोन मुलांनी आपसात बदलायचं, आणि दोघांनी माझ्यासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. पालकांनी नाही. मुलांनी. पालकांच्या आवडीनिवडी ऐकत बसलो असतो तर माझ्याकडे नुसते पियानो असते."

एवढं ऐकून चष्मेवाला तसाच बेकरीत गेला. बेकरीवाला भट्टीच्या दाराशी हातात केकचा साचा घेऊन उभा होता, आणि साच्यात केक मधोमध बसलेला होता.

"हे बघा," तो म्हणाला. "वर पोरगं धम म्हणतं आणि खाली केक धप म्हणतो. महिनाभर लोकांना खड्डे विकतोय मी. तुम्ही बासरी देता? आत्ता देता?" मग त्याने डोळे बारीक करून चष्मेवाल्याकडे पाहिलं. "तुम्हीच ना? मला वाटलं पोस्टमन. अहो, हा तुम्ही दिलेला चष्मा... जवळचं दिसत नाही, लांबचं तर त्याहून दिसत नाही."

"होईल सवय," चष्मेवाला म्हणाला. "मुलगा कुठे आहे?"

मुलगा मात्र हटून बसला. त्याला ड्रमच हवा होता, आणि का हवा ते त्याने दोन्ही हातांनी टेबल बडवून सांगितलं. चष्मेवाल्याने खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसला आणि आपलं कसब सुरू केलं. केक बसलेला बरा की फुगलेला? बाबा ओरडलेले बरे की हसलेले? बँड लांब चालत जातो तेव्हा पोटावर ओझं बरं की एका हातात मावेल असं काही? बाहेरचा उजेड जाईपर्यंत ते चाललं. मुलाचे डोळे भरून आले, मान एका बाजूला कलली, आणि तो म्हणाला, "चालेल, काका."

हा शब्द आपण कुठेतरी ऐकलाय असं चष्मेवाल्याला वाटलं खरं. पण तो इतका खुशीत होता की त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. शिट्टी वाजवत घरी आला, दारातच बसलेल्या ठकीच्या डोक्यावर टपली मारून "उद्या एक गंमत आहे" म्हणाला, आणि जेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांसमोर दोन्ही मुलं उभी राहिली. चष्मेवाला दाराशी हसऱ्या चेहऱ्याने थांबला होता.

"बदलायचं?" मास्तरांनी विचारलं.

"चालेल," मुलगा म्हणाला.

ठकीने बाबांकडे पाहिलं. बाबा इतके आनंदात होते की त्यांचे दोन्ही हात आपोआप ड्रम वाजवल्यासारखे हलत होते. "चालेल," ती म्हणाली. मास्तरांचं टेबलावरचं बोट थांबलं. ते दोघांकडे जरा वेळ बघत राहिले, पण नियम त्यांचाच होता.

ड्रम पोटाशी धरून चष्मेवाला रस्त्याने निघाला तेव्हा त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. एका सायकलवाल्याला, एका खांबाला आणि एका ओळखीच्या बाईंना त्याने क्रमाने धक्के दिले आणि तिघांचीही माफी मागितली. घरी आल्यावर कळलं की ड्रम दारातून आत जात नाही. आडवा केला, उभा केला, तिरका केला. शेवटी दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं, तेव्हा कुठे ड्रम आत गेला, आणि आत गेला तो नेमका कपाटासमोर बसला. दुसरीकडे जागाच नव्हती. कपाटात चष्मेवाल्याचे सगळे शर्ट होते. पुढचे काही दिवस तो एकाच शर्टात दुकानात गेला.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी घाम पुसत तो बायकोला म्हणाला, "आता बघ पोरगी कशी खुलते ते."

बायको दाराच्या रिकाम्या चौकटीत उभी होती. "काल वाजली ती," ती म्हणाली.

"काय वाजलं?"

"बासरी. काल संध्याकाळी. एकच सूर, पण असा स्वच्छ लागला की मी हातातलं काम टाकून आले. मग तिने पुन्हा वाजवला, पुन्हा लागला. तुम्हाला ऐकवायचा म्हणून दारात बसून राहिली होती. तुम्ही आलात ते शिट्टी वाजवत."

चष्मेवाला ड्रमवरच टेकला. ड्रममधून एक बारीकसा आवाज आला.

"मग ती बोलली का नाही काही?"

"कोण? ठकी?" बायको म्हणाली.

तो उठला आणि तसाच बेकरीत गेला. बेकरीवाल्याने त्याला आधी फुगलेला केक दाखवला, मग दुसरा फुगलेला केक दाखवला, आणि मग हात जोडले. घरी येऊन त्याने ठकीला जवळ बसवलं आणि विचारलं, "बासरी परत हवी का तुला? की ड्रम राहू दे?"

"चालेल," ठकी म्हणाली.

"चालेल म्हणजे कोणतं?"

"कोणतंही."

त्याने पुन्हा विचारायला तोंड उघडलं, आणि बायकोच्या नजरेला नजर मिळताच मिटलं. आता विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? त्याच्याच हाताने घडलं होतं सगळं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, जिथे ठकी रोज उभी राहायची.

मग एके दिवशी बेकरीवाल्याचा मुलगा बासरीची पेटी घेऊन दारात उभा राहिला. "काकू, मी हिला ड्रम शिकवायला आलोय," म्हणाला. त्यानंतर तो रोजच यायला लागला. चष्मेवाला दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत आतल्या खोलीचं दार लागलेलं असे आणि आत ड्रम गडगडत असे. काय हात होता. सुरुवातीला जरा धसमुसळा, पण दिवसागणिक नेमका होत गेला. चष्मेवाला बंद दाराला कान लावून उभा राही आणि त्याच्या मनावरचं ओझं थोडं थोडं कमी होई. चला, उशिरा का होईना, पोरीला हवं ते मिळालं.

"जरा बघतो आत डोकावून," तो म्हणे.

"नका. बुजते ती," बायको म्हणे.

खालचे आजोबा काठी टेकत वर आले, तेव्हा चष्मेवाल्याने त्यांना दारातच अडवलं. "आजोबा, तुम्हीच सांगा. तुमची झोप बरी की लेकराची कला बरी?"

"झोप," आजोबा म्हणाले, एका फटक्यात. असं गिऱ्हाईक चष्मेवाल्याला आयुष्यात मिळालं नव्हतं.

एकच त्रास होता. त्याच वेळी गच्चीवर कुणीतरी बासरी वाजवत बसे. वाजवणारं नवशिकं होतं, एकेक ओळ चुकून पुन्हा पहिल्यापासून धरायचं. तो आवाज खिडकीतून आत येई आणि ठकीच्या ड्रममध्ये लुडबूड करी. "या इमारतीत लोकांना दुसऱ्याची कदरच नाही," असं म्हणून चष्मेवाला खिडकी लावून घेई आणि पुन्हा दाराला कान लावी. बायको त्याच्याकडे बघे, काहीतरी बोलायला जाई, आणि मग भाजी चिरायला बसे.

शाळेच्या समारंभाच्या दिवशी दुपारी दार पुन्हा बिजागऱ्यांतून निघालं आणि ड्रम पुन्हा चष्मेवाल्याच्या पोटावर आला. जिन्याच्या वळणावर ड्रमची कड त्याच्या नाकाला लागली, चष्मा खाली पडला, तो कुठे पडला ते बघायला त्याने ड्रम खाली ठेवला, आणि ड्रम चष्म्यावरच ठेवला गेला. दुकानात शेकडो चष्मे होते, पण दुकान उलट्या दिशेला होतं आणि वेळ झाली होती.

शाळेच्या फाटकाशी ठकी थांबली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पुढे बसू नका."

"बरं," तो म्हणाला. "मागे बसू की अगदी मागे?"

"अगदी मागे."

वाईट तर वाटलंच. पण पोरीने न अडखळता उत्तर दिलं, हेही त्याच्या लक्षात आलं, आणि तो मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन बसला. बायको कुठे दिसेना. शेजारी बेकरीवाला आधीच बसलेला होता. त्यालाही मुलाने मागेच बसायला सांगितलं होतं.

पडदा वर गेला. चष्मेवाल्याला रंगमंचावर पांढऱ्या कपड्यांचा एक ढग दिसला, आणि ढगाच्या एका टोकाला काहीतरी मोठं, गोल. त्या गोलातून पहिला ठोका निघाला तसा त्याच्या अंगावर काटा आला. बँड सुरू झाला. ट्रम्पेट होते, झांजा होत्या, बासऱ्या होत्या, पण चष्मेवाल्याला ऐकू येत होता तो फक्त ड्रम.

"ड्रमवर आहे ना, ती माझी," तो बेकरीवाल्याला म्हणाला.

"आणि ती बासरी ऐकताय? एकटीच वर चढली ती? तो माझा," बेकरीवाला म्हणाला. "दिसत काहीच नाही. तुम्हाला दिसतंय?"

"माझा चष्मा फुटला."

"मग माझा घ्या. मला तसाही उपयोग नाही त्याचा."

चष्मेवाल्याने तो डोळ्यांना लावला, आणि ढग विरून गेला. प्रत्येक मूल, प्रत्येक बटण लख्ख दिसायला लागलं. "अहो," तो पुटपुटला, "हा तर माझाच नंबर."

"मग मला कशाला दिलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, हेच, हेच म्हणून."

"मान दुखत होती माझी," बेकरीवाला म्हणाला.

चष्मेवाला रंगमंचाकडे बघत होता. ड्रममागे बेकरीवाल्याचा मुलगा होता, लालबुंद, घामाघूम, सुखात. आणि सगळ्यांच्या पुढे, एक पाऊल बाहेर येऊन, ठकी उभी होती. तिचे डोळे मिटलेले होते. तिने ओठांवरून बासरी खाली घेतली, कारण तिचा भाग नुकताच संपला होता. मग ड्रमचा शेवटचा ठोका पडला आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

"काय दिसतंय?" बेकरीवाला त्याची बाही ओढत म्हणाला. "माझा कसा वाजवतोय?"

"फार छान," चष्मेवाला म्हणाला. "उद्या दुकानात या. एकदाच विचारीन."

बाहेर मास्तर भेटले. "पुन्हा बदलायचंय म्हणून दोघं येऊन सांगून गेली मला केव्हाच," ते म्हणाले. "स्वतःच्या तोंडाने." बायको पहिल्या रांगेतून आली. बेकरीवाल्याला मुलाने काय ते सांगितलं, आणि तो ऐकून भिंतीला टेकला.

ठकी पेटी हातात घेऊन चालत होती. चष्मेवाला एका बाजूला, आई एका बाजूला.

"बाबा," ठकी म्हणाली, "कसं झालं माझं?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याने तोंड उघडलंही. "मी ऐकलंच नाही गं," तो म्हणाला. "मी ड्रम ऐकत बसलो होतो. एवढे दिवस तू वाजवत होतीस आणि मी एकदाही ऐकलं नाही."

"ऐकलंत की," बायको म्हणाली. "गच्चीवरून येत होतं तेव्हा खिडकी कुणी लावून घेतली?"

चष्मेवाला रस्त्यातच थांबला. रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने ओढून घेतलेली ती खिडकी, तिची ती जरा अडकणारी कडी, सगळं त्याला आठवलं.

"घरी गेल्यावर एकदा वाजवशील?" त्याने विचारलं. "फक्त माझ्यासाठी?"

"नको," ठकी म्हणाली. "मी दमलेय."

पहिल्या फटक्यात सांगितलं तिने, मान वर करून. "आज नको की उद्याही नको?" हे शब्द चष्मेवाल्याच्या अगदी जिभेवर आले होते. त्याने ते गिळले, तिच्या हातातली पेटी घेतली आणि चालायला लागला.